समुद्र कोणाच्या बापाचा?

परवा अंकाच्या कामासाठी आम्ही पाच-सहाजण एका मित्राच्या खोलीत जमलो होतो. खोली वरळीच्या बीडीडी चाळीतली, अजून पाडायची राहिलेली. एकशे साठ चौरस फूट. त्यात त्याची आई, वडील, बायको, एक पोर आणि त्या रात्री आम्ही. प्रुफं वाचायची होती, पण दोन पोरं मोबाइलात मान घालून बसलेली. काय बघताय म्हणून विचारलं, तर वरळी सी फेसवरच्या एका बंगल्याचा व्हिडिओ. समुद्राकडे तोंड, काचेच्या भिंती, आत संगमरवर, पोहायचा तलाव, गाड्यांसाठी जमिनीखाली मजले. एकजण म्हणाला, "आयला, काय घर आहे! आयुष्यात एकदा असलं घर घेणार बघ." मित्राची आई स्टोव्हजवळ बसली होती. ती म्हणाली, "त्याच रस्त्यावर वीस वर्षं भांडी घासली मी. मला विचार ना, घर कसं असतं ते."

पोरं हसली. आम्ही नाही हसलो. हा अग्रलेख तिथेच सुरू झाला.

त्या घराचं नाव गुलिता. ती जागा पूर्वी हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीची होती, तिथे कंपनीचं प्रशिक्षण केंद्र होतं. २०१२ साली पिरामल उद्योगपती कुटुंबाने ती सुमारे साडेचारशे कोटी रुपयांना विकत घेतली. मग काही वर्षं तिचं नूतनीकरण चाललं आणि २०१८ साली, देशातल्या सगळ्यात मोठ्या धनिकाच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा, हे घर साऱ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं. क्षेत्रफळ सुमारे पन्नास हजार चौरस फूट असं छापून आलं. राहायला एक कुटुंब.

आता कोणी पांढरपेशा म्हणेल, तुम्ही जळता. जळत नाही बाबांनो, हिशेब मांडतो. पन्नास हजाराला एकशे साठने भागा. तीनशे बारा खोल्या येतात. बीडीडीच्या एका चाळीत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. एका कुटुंबाच्या घरात आमच्या जवळजवळ चार चाळी मावतात. खोलीत पाच माणसं धरली तरी दीड हजार जीव. हे गणित चौथीतल्या पोरालाही येतं, फक्त त्याला ते शाळेत कोणी घालत नाही.

त्या कुटुंबाशी आमचं भांडण नाही. त्यांनी जागा उघड व्यवहारात घेतली, पैसे मोजले, कागद केले. हे एकच घर आहे असंही नाही. मलबार हिलवर अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचा 'मेहरांगीर' बंगला होता. तिथे भाभांचं स्मारक करा, लोकांसाठी खुला ठेवा, अशी मागणी झाली. पण २०१४ साली त्याचा लिलाव झाला ३७२ कोटींना आणि २०१६ साली तो पाडला. त्याच टेकडीवरचा जटिया हाउस २०१५ साली ४२५ कोटींना गेला, घेणारा आणखी एक उद्योगपती. देशाच्या शास्त्रज्ञाचं घर जिथे लोकांसाठी राखता आलं नाही, तिथे तुमच्या-आमच्या खोलीची काय कथा! आमचं भांडण आहे ते व्यवस्थेशी. तिने या शहराची पाण्याकडची बाजू मूठभरांना दिली आणि तिची घाण, तिची दुरुस्ती, तिची राखण आमच्या वाट्याला ठेवली.

दोस्तहो, हे आपोआप झालेलं नाही. त्याला तारखा आहेत.

मुंबई म्हणजे सात बेटं. अठराव्या शतकाच्या अखेरीला हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून वरळीची खाडी बंद केली, तेव्हा भरतीचं पाणी आत घुसायचं थांबलं आणि मधली जमीन वापरात आली. तो बांध घालताना दगड डोक्यावरून कोणी वाहिले? गव्हर्नराचं नाव बांधाला मिळालं. दगड वाहणाऱ्यांची नावं समुद्राला ठाऊक.

पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या राजवटीत सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं काढलं. हेच ते बीडीडी. हे खातं आपल्याला चाळीच्या नावामुळे माहीत. पण त्याने कामं दोन हाती घेतली होती, हे लक्षात ठेवा. एक काम बॅकबेचं – समुद्र बुजवून नवी जमीन काढायची. दुसरं काम गिरणी कामगारांसाठी खोल्या बांधायचं. एकच खातं, एकच साहेब, एकच सही.

बॅकबेच्या कामात इतका पैसा उधळला गेला की वीर नरिमनांनी ते प्रकरण चव्हाट्यावर आणलं आणि लोक त्या योजनेला लॉईडचा वेडेपणा म्हणू लागले. पण बुजवलेली जमीन वाया गेली नाही. तिच्यावर मरीन ड्राइव्ह झाला. समुद्राकडे गोल गोल गॅलऱ्या काढून बसलेल्या इमारती झाल्या. २०१८ साली युनेस्कोने त्या इमारतींना जागतिक वारसा म्हणून शिक्का दिला.

आणि खोल्या? पन्नास हजार बांधायच्या ठरल्या होत्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, सुमारे सोळा हजार खोल्या, आणि काम थांबलं. एकट्या वरळीत १२१ चाळी. सिमेंट-काँक्रीटचे पेटारे. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. सुरुवातीला तर या खोल्यांत राहायला माणसंही येईनात, इतकी ती बांधणी अंधारी आणि भाडं जड. अशा खोल्यांत शेवटी कोण आलं? कोकणातून आलेला गिरणी कामगार आला, घाटावरून आलेला आला, आणि गावकुसाबाहेरचा आमचा बाप आला. तोही गिरणीतच गेला, पण साच्यावर नाही. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून तिथे अस्पृश्याला मज्जाव. जास्त पगाराचं खातं बंद, कमी पगाराचं उघडं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा कामगारांच्या लाल पुढाऱ्यांनाही तो मानेवरून जू उतरवण्याइतकाच जड गेला. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांनी त्या धाग्याची आठवण ठेवावी.

त्याच वरळीत ५ जानेवारी १९७४ रोजी पँथरच्या सभेवर दगड पडले, लाठ्या पडल्या, दंगल उसळली. पाच दिवसांनी मोर्च्यावर वरून पाटा टाकून भागवत जाधवला मारलं. ती सभा समुद्रापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर होती. सी फेसवर त्या संध्याकाळीही लोक हवा खायला आले असतील.

हवा म्हटली म्हणून हवेचं सांगतो. समुद्राची हवा खारी. ती काँक्रीटच्या बारीक फटींतून आत शिरते, आतल्या सळईला गंज चढवते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट फोडते, आणि एक दिवस छताचा पोपडा ताटात येऊन पडतो. ही हवा बंगल्यालाही लागते आणि चाळीलाही. समुद्र भेदभाव करत नाही. भेदभाव पुढे होतो. बंगल्याची काच धुतली जाते, सळई तपासली जाते, रंग दिला जातो, दर काही वर्षांनी घर नवं होतं. त्याला नूतनीकरण म्हणतात. चाळीच्या छताला टेकू लावतात. त्याला तात्पुरती डागडुजी म्हणतात. १९२० च्या दशकात बांधलेल्या चाळी. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. तात्पुरतं म्हणजे किती? शंभर वर्षं!

आणि नूतनीकरण करतं कोण? मासिकात नाव छापून येतं वास्तुविशारदाचं. संगमरवर घासणारा, धूळ नाकातोंडात घेऊन दिवसभर मशीन धरणारा, सकाळी नाक्यावर उभा राहून कंत्राटदाराची वाट बघणारा. जुन्या बाथरूमचा डबर गोणीत भरून मागच्या जिन्याने उतरवणारा, दोरीवर लोंबकळत बाहेरून रंग देणारा. त्यातला एक जरी घर पुरं झाल्यावर पुढच्या दाराने आत गेल्याचं दाखवा. आम्ही हा लेख मागे घेऊ.

मित्राच्या आईने त्या रात्री सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. ती कामाला होती त्या इमारतीचं नाव आम्ही लिहिणार नाही. तिथे लिफ्ट दोन. एक माणसांची, एक सामानाची. ती सामानाच्या लिफ्टने जायची. कुत्रं फिरवायला नेणारा पोरगासुद्धा कुत्र्यासकट सामानाच्या लिफ्टने. कुत्रं मालकाबरोबर असलं की मात्र माणसांच्या लिफ्टने. ओट्याखाली तिचा कप वेगळा, कान तुटलेला. संडास त्या घरात पाच, पण तिने जायचं खाली वॉचमनच्या संडासात, दिवसातून एकदा, मालकीण झोपली की. "समुद्र दिसायचा का गं तिथनं?" असं विचारलं, तर म्हणाली, "काचा पुसायला लागले की दिसायचा. आतनं पुसायचे मी. तेवढा वेळ बघायचे."

वीस वर्षांत तिने समुद्र काचा पुसताना बघितला.

आता कोणी सांगावं आम्हाला की जात शहरात आल्यावर मेली. गावात नदीचा वरचा काठ सवर्णांचा आणि खालचा काठ आमचा. वरून आलेलं पाणी आम्ही खाली प्यायचो. १९२७ साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्याच्या काठावर गेले, ते काय तहान लागली म्हणून? पाण्याच्या काठावर उभं राहायचा हक्क माणसाचा आहे, हे सांगायला गेले. शहराने काठ शब्दाने विचारायचा सोडला, पैशाने विचारायला लागलं. तुझी जात कोणती असं विचारत नाहीत. कितव्या मजल्यावर काम आहे, असं विचारतात.

पिण्याच्या पाण्याचंही तेच. या महापालिकेचा हिशेब ठरलेला आहे. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर. एकाच शहरात एका माणसाचा घसा दुसऱ्याच्या तिप्पट, असं कोणत्या डॉक्टरने सांगितलं? २००० सालानंतरच्या झोपड्यांना पाणीच द्यायचं नाही असं धोरण होतं, ते डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने मोडलं. पाणी हा जगण्याचा हक्क आहे असं सांगायला कोर्टात जावं लागलं. आणि हे पाणी येतं कुठून? तानसा, भातसा, वैतरणा. शहापूर तालुक्यातल्या आदिवासी बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या असतात, त्यांच्या उशाखालून मोठमोठे नळ मुंबईला जातात आणि कोणाच्या तरी गच्चीवरचा पोहायचा तलाव भरतो. समोर अख्खा समुद्र असताना!

एका ठिकाणी मात्र बंगला आणि चाळ समान आहेत. दोघांची घाण वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्राला मिळते आणि तिथून नळाने समुद्रात आत सोडली जाते. समता म्हणायची तर ही. पण ते गटार तुंबलं की उतरतो कोण? १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. माणसाने गटारात उतरायचं नाही असं कागदावर आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख द्या म्हटलं. मरण्याचा भाव वाढला, मरणं बंद झालं नाही. मरणाऱ्यांची आडनावं वाचा, म्हणजे जात मेली की नाही ते कळेल.

आणखी एक. कोस्टल रोड झाला. लोकांचे हजारो कोटी त्यात गेले. वरळी कोळीवाड्यातल्या कोळ्यांनी सांगितलं, पुलाचे खांब असे जवळजवळ रोवलेत तर आमच्या होड्या बंदरातून बाहेर काढायच्या कशा? खांबांत साठ मीटरचं अंतर धरलं होतं. कोळी वर्षानुवर्षं लढले, काम अडवलं, तेव्हा ते एकशे वीस मीटर झालं. मागत होते त्याहून कमीच मिळालं, पण लढून मिळालं. हे लक्षात ठेवा. आणि २०२४ मध्ये रस्ता सुरू झाला तेव्हा त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. त्याआधी २००९ साली सी लिंक सुरू झाला, तिथेही हाच नियम. आमची पोरं पाठीवर पेटी बांधून दुचाकीवरून शहराला जेवण पोचवतात. ज्यांच्या दारात पोचवतात त्यांच्या गाड्या समुद्रावरून जातात, पोरं सिग्नलला धूर खात उभी. सुरक्षेचं कारण सांगतात. सुरक्षा हवीच. पण रस्ता आखायला बसतानाच दुचाकीवाल्याची आठवण होत नाही, ती नेमकी बंदीचा फलक रंगवताना होते.

दोस्तहो, इथपर्यंत दुसऱ्याला शिव्या दिल्या. आता थोडं आपल्याकडे बघू.

चळवळीच्या नावावर मोठे झालेल्या आमच्यातल्या काहीजणांचा सगळा खटाटोप शेवटी कशासाठी होता? समुद्राकडे खिडकी असलेल्या सरकारी बंगल्यासाठी. तो मिळाला की सभा बंद, मोर्चा बंद, वर्षातून एकदा हार घालायला खाली उतरायचं. व्यवस्थेला आम्हाला गोळ्या घालायची गरज पडत नाही. ती आम्हाला खिडकी देते. आणि त्या रात्री मोबाइलवर बंगला बघून तोंडाला पाणी सुटलेल्या पोराची चूक तरी काय? त्याला स्वप्नच तेवढं दाखवलंय. चांगलं घर हवं असण्यात पाप नाही. एकशे साठ फुटांत जन्म काढलेल्या माणसाने मोठं घर मागू नये असं म्हणणारा साला ढोंगी. पण घर मागणं वेगळं आणि त्या बंगल्याच्या मालकाजागी स्वतःला बघणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात भांडी घासायला कोणाची तरी आई लागतेच. ती कोणाची?

चाळी आता पडतायत. चाळीस मजली टॉवर उभे राहिलेत, पाचशे फुटांचं घर फुकट मिळतंय. हे कोणाच्या मेहेरबानीने नाही. भाडेकरूंनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, करार वाचले, सह्या करायला नकार दिले, म्हणून मिळालं. वरच्या मजल्यांवरून समुद्र दिसतो. ज्या म्हाताऱ्यांनी वरळीत जन्म काढला त्यांनी घरातल्या खिडकीतून समुद्र पहिल्यांदा बघितला, याचा आम्हाला आनंद आहे, उगाच नाक मुरडणार नाही. पण खरी परीक्षा पुढे आहे. आपल्या घरांशेजारीच विक्रीचे टॉवर उभे राहणार. त्यांचं फाटक वेगळं होईल का, बाग वेगळी होईल का, जांबोरी मैदानावर पोरांना खेळू देतील का, हे आजच विचारायचं. देखभालीचा खर्च सुरुवातीची वर्षं म्हाडा उचलेल. ती मुदत संपेल त्या महिन्यापासून लिफ्टचं, पंपाचं, वीजबिलाचं ओझं कोणाच्या पगारावर येणार? पगार नसेल तर दलाल दारात उभाच आहे. "विका आणि विरार-अंबरनाथला दोन घरं घ्या," असं तो म्हणेल. एक विकेल, दहा विकतील, आणि वीस वर्षांनी त्या टॉवरमध्ये आपली माणसं असतील ती सामानाच्या लिफ्टमध्ये.

म्हणून प्रत्येक इमारतीत पोरांनी सोसायटीचे कागद वाचायला शिका. करारनामा, देखभालीचा हिशेब, ठेवीची रक्कम कुठल्या बँकेत आहे, हे विचारा. वकील नको, आधी वाचता येणारा पोरगा हवा. कमिटीवर बाया घ्या, कारण पाणी किती वाजता येतं हे त्यांनाच माहीत असतं. घरकाम करणाऱ्या बायांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. आपल्या आयांची नोंदणी झाली का बघा, नसेल तर रविवारी त्यांना घेऊन जा. आणि तुमच्या नव्या टॉवरमध्ये झाडू मारायला, कचरा उचलायला जो येईल त्याच्यासाठी संडास कुठे आहे, हा ठराव पहिल्या सभेत मांडा. लिफ्ट त्याच्यासाठी तीच, जी तुमच्यासाठी. हे केलं नाही तर मालक फक्त बदललेला असेल.

समुद्र कोणाच्या बापाचा नाही. लाट कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही. दादरच्या चौपाटीवर सात डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची चिता पेटली, लाखो लोक त्या वाळूत उभे होते. आजही सहा डिसेंबरला खेड्यापाड्यातून माणसं येतात, रेल्वेतून, ट्रकमधून, पायी, आणि त्याच पाण्याच्या काठाला रात्र काढतात. शेजारच्या इमारतींतून तक्रारी होतात, गर्दी झाली, घाण झाली. व्हायचीच. काठ त्यांना तीनशे चौसष्ट दिवस मिळतो. तो लोकांचा आहे, याची आठवण एक दिवस तरी व्हायला हवी. बाकीच्या दिवसांची सोय आपण करायची आहे.

मित्राच्या आईला येत्या रविवारी सी फेसवर न्यायचं ठरलंय. काम नाही, फडकं नाही. नुसतं कठड्यावर बसायचं आणि भेळ खायची. ज्यांना यायचंय त्यांनी पाच वाजता जांबोरी मैदानाच्या फाटकाशी या. आपापल्या आईला घेऊन या.

– संपादक